एका ताटाचं पथ्य

कापसाच्या गाड्या घेऊन मी अमरावतीला होतो. परमुलखात लढाई जुंपल्यापासून कापसाला सोन्याचा भाव आलेला, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत हिवरखेडचा आमचा शेजारी मला शोधत आला. "तुहे बाबा गेले रे..." मला रडूही आलं नाही. तोंडून पहिलं निघालं ते, "अन् माय?"

तो चमकला. आमच्या घरचं त्याला काय ठाऊक! माय जन्मभर बाबांच्या उष्ट्या ताटात जेवली. गावातल्या बऱ्याच बाया तशा जेवत; पण बाबांच्या पायांवर सूज आली, बाळापूरच्या हकीमसाहेबांनी मीठ बंद केलं, तरी माय त्याच ताटात बसत राहिली. बाबांची सूज उतरली आणि ऐन वेचणीच्या उन्हात माय चक्कर येऊन पडली. हकीमसाहेबांनी कपाळावर हात मारला, "बिमारी एकाची, अन् परहेज दोघं करून राहिले!" बाबांनी तिला वेगळं ताट घ्यायला सांगितलं, तर म्हणते कशी, "जलमभर याच ताटात बसली, आता काहून उठू?" मोठी हट्टी बाई. तेव्हापासून बाबा ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढून घेत आणि बोटही न लावता तिच्यासाठी ठेवत.

शेवटच्या तापात त्यांना घास गिळवेना, तरी कण्या ओढतच होते. मी गाड्या घेऊन निघालो त्या सकाळी म्हणालो, राहू द्या आता. ते हळूच म्हणाले, "म्या टाकलं त तुही माय उपाशी राईन." इतके भ्यालेले डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते...

घरी परतलो तर माय भरल्या ताटापुढे नुसती बसलेली. आपण किती खायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिची हाडं वर आली. एक गेलं की दुसरं मागोमाग जातं, असं बाया विहिरीवर बोलत. एकदा अर्धी भाकर टाकून मी उठलो. "माय, जात नाई."

"अन्न टाकून राहिला? माजला काय!" म्हणत तिनं माझं ताट ओढलं आणि पुसून खाल्लं.

आता रोज अर्धं ठेवतो. गाड्या दुसऱ्यांबरोबर पाठवतो. काल अंगात कसकस होती, घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. माय चुलीपाशी बसून माझ्या ताटाकडे पाहत होती. मी तो पाण्याबरोबर ढकलला, आणि दुसरा उचलला.