खोबरेल गोठलं म्हणून

जबलपुरात बर्फ बघायचा तर उसाच्या रसाच्या गाडीवर. अशा गावात मी बर्फ ढकलणारा ट्रक तयार केला, हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात.

मी फिटर. ट्रकांचे जॅक, पंप, तेलाच्या दाबावर चालणारं सगळं दुरुस्त करण्यात जन्म गेला. आमच्या वर्कशॉपच्या मालकानं डोंगरातला रस्ता मोकळा ठेवणाऱ्या एका ठेकेदाराचं काम घेतलं. ट्रकच्या नाकापुढे भलंमोठं लोखंडी पातं बसवायचं, आणि ते तेलाच्या दाबानं वर-खाली झालं पाहिजे.

गाडी न्यायला तिकडचा ड्रायव्हर आठवडाभर आधीच येऊन बसला. अबोल माणूस. मागच्या हिवाळ्यात घाटात त्याच्या गाडीचं पातं उठलंच नाही. दोघं बर्फात दोन दिवस अडकले, आणि गारठून जोडीदाराच्या पायाची तीन बोटं गेली. हे त्यानं एकदाच सांगितलं. मग रोज सकाळी चहा पिताना तेवढंच विचारायचा, “उस्तादजी, उठेगा न?”

“उठेगा, भैया,” मी म्हणायचो.

आणि मी भरलं काय, तर जाड तेल. आमच्याकडे मे महिन्यात लोखंडाला हात लावता येत नाही. पातळ तेल रबरी सीलमधून पाझरतं. म्हणून इथल्या प्रत्येक मिस्त्रीच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की जाड तेल तेच चांगलं तेल. पातं झकास वर गेलं, मी मिशीला ताव दिला. सोमवारी दुपारी गाडी निघणार होती.

रविवारी सकाळी गच्चीवर बायकोनं खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली. कडाक्याची थंडी होती, तेल पांढरं दगड झालेलं. मी आपला पात्याचं कौतुक सांगत बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, “अहो, इथल्या थंडीत खोबरेलाचं हे होते, तर तिकडच्या बर्फात तुमचं तेल काय करून राहील?”

माझं डोकं मुळातच तापट. “तेलातेलात फरक असतो,” मी खेकसलो. “तू फोडणीचं बघ.”

तिनं माझ्या पिशवीतली त्याच तेलाची नमुन्याची छोटी बाटली उचलली आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिली. दुपारी मी जेवायला बसलो तर ती बाटली ताटासमोर आली. झाकण काढून तिनं वाटीवर उपडी धरली.

“पाडून दाखवा.”

तेल काठाशी आलं, फुगलं, आणि तिथंच लोंबत राहिलं. आमचा फ्रीजर तो कितीसा थंड, घाटात याहून वाईट असणार. मला त्या ड्रायव्हरचे पायच दिसायला लागले.

पंपासोबत आलेली पुस्तिका तेव्हा कुठे उघडली. कडाक्याच्या थंडीसाठी पातळ तेल, असं सरळ लिहिलेलं होतं. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, “डीज़ल मिला दो, पतला हो जाएगा.” मी साफ नाही म्हटलं. डिझेलनं सील खराब होतात, मग तेच पातं भर घाटात बसलं असतं. पुस्तिकेतलं ते तेल जबलपुरात मिळेना. मी डोकं धरून बसलो होतो, तोवर बायकोनं नागपूरला भावाला फोन लावलासुद्धा.

सोमवारी सकाळी तिलवाऱ्याच्या पुलाजवळ नागपूरची बस थांबली, आणि कंडक्टरनं तेलाचे दोन डबे माझ्या हातात दिले. सासरचा एवढा मोठा आहेर मला लग्नातही मिळाला नव्हता.

पातं जमिनीला टेकवलं, म्हणजे ते उचलणाऱ्या जॅकचा दांडा पूर्ण आत गेला आणि जुनं तेल टाकीत परतलं. टाकी रिकामी केली. पाइपही सोडले, कारण पाइपात उरलेलं जाड तेलही घात करतं. धागे न सुटणाऱ्या फडक्यानं सगळं पुसलं आणि नवं भरलं. ड्रायव्हरनं पातं पंधरा-वीस वेळा वर-खाली केलं, तेव्हा हवेचे बुडबुडे थांबले. टाकी पुन्हा काठोकाठ केली नाही, खुणेपर्यंतच भरली.

तरी बायकोचा निरोप होता, आधी फ्रीजर. नव्या तेलाची बाटली मी घरी पाठवली. मालक घड्याळ बघत करवादत होता, पण मी गाडी सोडली नाही. संध्याकाळी तिचा फोन आला, “तेल धारेनं पडून राहिलं. जाऊ द्या आता.”

महिन्याभरानं ड्रायव्हरचा व्हिडिओ कॉल आला. खोलीत शेगडी पेटलेली, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. म्हणाला, आदल्या दिवशी घाटात एकटाच होता, पातं प्रत्येक वेळी उठलं आणि संध्याकाळी तो घरी जेवायला पोचला. “उस्तादजी, आपके तेल ने बचा लिया.”

“तेल मेरा नहीं था, भैया. मेरा वाला तो जम जाता,” मी म्हणालो, आणि सगळी हकीकत सांगून फोन बायकोच्या हातात दिला.

ड्रायव्हरनं मोजे काढले आणि दोन्ही पाय शेगडीजवळ फोनसमोर धरले. “दीदी, गिन लीजिए.”

या बाईचे उपकार मी कधी तोंडानं मानले नव्हते. म्हटलं, “त्या दिवशी गच्चीवर बोललो, ते चुकलंच माझं.”

“थांबा जरा,” ती म्हणाली, “मी मोजून राहिले.”