भाचीला आणायला मस्कतला

चिकलठाणा विमानतळाच्या दारात आईनं आम्हा भावंडांच्या हातावर दही ठेवलं, आणि आत गेल्याबरोबर तपासनिसानं माझ्या पिशवीतलं दोन किलो लाल तिखट काढून घेतलं. भाचीला सोडवायला निघालेल्या मामाचा हा पहिला पराभव.

भाची सई, सात वर्षांची. 'आठ दिवस फिरवून आणतो' म्हणून दाजी तिला नोकरीच्या गावी, मस्कतला घेऊन गेले. अकरा महिने झाले, पोरगी परत नाही, फोनही उचलेनात. मुलगी आईकडे द्या, असा आमच्या कोर्टाचा हुकूम होता. तो मस्कतच्या कोर्टानं मानावा, म्हणून माझी बहीण सुनीता निघाली. सोबत मी, कारण घरात परदेशाचा अनुभव मलाच. म्हणजे एकदा चुलतभावाला मुंबईच्या विमानतळावर सोडून आलो होतो.

मस्कतचे डोंगर म्हणजे दौलताबादच्या डोंगराचं गवत सोलून काढावं तसे. खाली पांढरीशुभ्र घरं, आणि दिशदाशा (घोट्यापर्यंतचा झगा) घातलेली माणसं. टॅक्सीवाल्यावर मी माझं अरबी झाडलं. तो म्हणाला, "भाई, उर्दू में बोलो. मैं पेशावर का हूँ."

दुपारी मजबूस (मसालेभात आणि मटण) मागवलं. सुनीतानं ताटाला हात लावला नाही. दुःखात कुणीतरी ताकद राखायला हवी, म्हणून दोन्ही ताटं मी संपवली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. दुभाषी हैदराबादच्या रझियाआपा. त्यांनी कागद चाळले आणि कपाळावर आठी घातली. सईच्या जन्मदाखल्यावर आई 'ऐश्वर्या'. बहिणीच्या पासपोर्टवर 'सुनीता'. दाजींच्या वकिलानं लगेच विचारलं, ही बाई कोण?

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. पासपोर्टचा अर्ज मी भरला होता, शाळेच्या दाखल्यावरून. लग्नानंतरचं नाव लावायला कोण कचेऱ्यांचे उंबरे झिजवणार, असं मीच म्हणालो होतो.

मग मी आपांना समजावलं, की आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. आपांनी ते न्यायाधीशांना सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, त्या तांदळाचं पुढे काय करतात? बहुतेक खातात, मी म्हणालो. म्हणजे पुरावा खाल्लात, ते म्हणाले.

मग दाजींकडे वळून न्यायाधीशांनी सहज विचारलं, 'ऐश्वर्या' नाव छान आहे, निवडलं कुणी?

दाजींना कौतुक कधी सोसलं नाही. छाती काढून म्हणाले, "मीच. हिच्या घरच्यांना कुठं सुचायचं असलं?"

आपांनी शब्दन् शब्द अरबीत सांगितला. वकिलानं डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी सई हातात आली. उंच झालेली, पुढचे दोन दात नवे. आई रडतेय म्हणून तीच आईला थोपटत होती. विमानात मी सगळ्या प्रवाशांना पराक्रम सांगितला. त्यात दाजींना बोलतं करण्याची युक्ती माझी होती.

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळला. सई पोटभर जेवली, हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, पप्पा तिथं एकटेच जेवतेत का आता?"



सुनीता ताटं उचलत होती. ती खाली ठेवून तिनं पदराला हात पुसले, दाजींचा नंबर लावला आणि फोन सईच्या कानाला दिला.

पहिल्या घंटेलाच उचलला त्यांनी.