चार तास कपाळाला हात लावायचा नाही

कातडीच्या दवाखान्यात कसले आलेत किस्से, असं आमच्या घरचेसुद्धा म्हणतात. अहो, एवढे साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच तोंड घालतो! दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मॅडमनी सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन नवीनच सुरू केलं होतं आणि मी त्यांची नर्स. दवाखाना म्हणजे मॅडमच्या सासूबाईंच्या घरातली रस्त्याकडची खोली. सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची. खोली देतानाच आक्कांनी बजावलं होतं, "तुझ्या सुईनं कुणाचं थोबाड वाकडं झालं, की त्याच दिवशी शटर खाली! माझ्या घराचं नाव हाय."

झालं! तेव्हापासून फोन वाजला की मॅडम आधी माझ्याकडं बघायच्या, आणि मी त्यांच्याकडं. दवाखाना बंद पडला तर मी कुठं जाणार होते? म्हणून प्रत्येक पेशंटकडून मी घोकून घ्यायचे. चार तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, दाबायचं नाही, नाहीतर औषध सरकून पापणी खाली येते. आक्का बाहेर पायरीवर भाजी निवडत सगळं ऐकायच्या.

*

आजऱ्याच्या शाळेतल्या एक बाई होत्या. इंजेक्शन घेऊन एसटीत बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, डुलकी लागली आणि कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं तर? उठून उभ्याच राहिल्या. एका पोराला दया आली. "बाई, बसा की हितं." बाई खेकसल्या, "नको! बसलं की झोप लागतीय!" आजऱ्यापर्यंत उभ्यानं गेल्या. आणि घरी पोचल्यावर फोन करून मलाच विचारलं, "आता बसू का?"

*

उचगावच्या वहिनींची तऱ्हा वेगळीच. सकाळी सुई घेतली आणि दुपारी शेजारी हळदीकुंकू! कुंकू लावायला बाई पुढं आली की ह्या मान मागं घ्यायच्या आणि मनगट पुढं करायच्या. "हितं लावा." सुईचं कुणाला सांगायचं नव्हतं ना! दुसऱ्या दिवशी तणतणत आल्या. "मॅडम, कपाळ बरं हाय माझं. पण सगळ्या म्हणत्यात, ही कुठल्या बुवाच्या नादी लागली काय!"

मॅडमना त्यातलं 'कपाळ बरं हाय' एवढंच ऐकू आलं. सुटकेचा निःश्वास टाकून त्यांनी वहिनींना चहा पाजला.

*

वारणानगरचे एक साहेब यायचे. त्यांना मॅडमनी सांगितलं, पहिला तासभर अधूनमधून कपाळाला आठ्या घाला, औषध बरोबर बसतं. साहेब इथून थेट मीटिंगला गेले. कुणी काही बोलायला लागलं की साहेबांच्या आठ्या! समोरच्यांना घाम फुटला. रखडलेल्या फाइली संध्याकाळच्या आत टेबलावर! साहेब फोनवर खूश. "मॅडम, ह्ये दर आठवड्याला मिळंल काय?"

*

त्याच साहेबांनी पुढच्या खेपेला आमचा जीव घेतला. सुई घेतली आणि निघाले थेट सत्काराला. तिथं त्यांना फेटा बांधला, तोही कोल्हापुरी हिसक्यानं, करकचून! मानाचा फेटा, नको कसं म्हणायचं? चार-पाच दिवसांनी दारात उभे. उजवी पापणी अर्धी खाली!

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. फेट्यानं झालं की सुईनं, कोण सांगणार? "आपोआप वर येईल, पण काही आठवडे लागतील," म्हणत त्यांनी थेंब दिले. आक्कांनी पायरीवरनं सगळं बघितलं. "साहेबाचा डोळा उघडंपातूर थांबते," एवढंच बोलल्या. मॅडमना जेवण जाईना. रोज सकाळी साहेबांना फोन करायच्या. मीही अंबाबाईला साकडं घातलं.

*

आणि एके दिवशी साहेब आले. आक्कांनी त्यांना पायरीवरच अडवलं. "उन्हात उभं ऱ्हावा जरा." हा डोळा बघितला, तो डोळा बघितला. दोन्ही टक्क उघडे! आक्का परत भाजी निवडायला बसल्या.

दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हता. आक्का आत आल्या, पदर खोचला आणि खुर्चीवर बसल्या. "टोच."

"आक्का, तुम्हाला?" मॅडम ताडकन उठल्या.

"साहेबाला टोचलंस तितंच. घरच्यानं न्हाय घेतली तर गल्ली कशी घ्यायची?"

मॅडमनी सुई भरली. मी ट्रे घट्ट धरून उभी. सुई झाली. मी नियम सांगायला तोंड उघडलं तर आक्का म्हणाल्या, "गप. पायरीवर बसून पाठ झाल्यात मला."

मॅडमचे डोळे भरून आले. त्या वाकून आक्कांच्या पाया पडल्या. आक्कांनी सुनेच्या तोंडावरनं मायेनं दोन्ही हात फिरवले आणि दृष्ट काढायला, बोटं मोडायला, मुठी स्वतःच्या कपाळाकडं नेल्या.

"आक्का! कपाळाला हात लावू नका!" मॅडम किंचाळल्या.

आक्कांच्या मुठी हवेतच थांबल्या. आता मधेच सोडली तर दृष्ट तशीच राहणार! त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला हाक मारली. "शोभे, हिकडं ये."

मी गेले. आक्कांनी माझ्या कानशिलावर मुठी टेकवल्या आणि दहाच्या दहा बोटं कडाकडा मोडली.

"हिला कुटं सुई टोचलीया!"