मिठूचा चहा

बशीत ओतलेल्या चहाचा वास आला की अजूनही माझी चिडचिड होते. सिंदीला मोठ्या काकांकडे पाहुण्यांबरोबर घरच्या पोपटालाही, मिठूलाही, बशीत चहा मिळायचा. मी सहावीत होते. एका दुपारी पाहुणे चहा पीत बसले होते आणि मिठू पिसं फुगवून धापा टाकत होता. पोपटांना चहा बाधतो, हे मी शाळेतल्या एका पुस्तकात वाचलं होतं. मी पुटपुटले, "काका, त्याला नुसतं पाणी द्या ना."

"काऊन? तुह्या इंग्रजी शाळेत पोपटंबी शिकाले येते काय?" काका म्हणाले. पाहुणे हसले. "थंडी लागली त्याले. पाज गरम चहा, तुह्याच हातानं."

मी पाजला. संध्याकाळी मिठू गेला. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "पोरीनं किती मायेनं पाजला होता." मी त्याची बशी विसळून पालथी घातली.