एकतीसनंतर आठ नको

माझी आत्या अकरा वर्षं बस डेपोत ड्युटीचा तक्ता लिहायची. कोणता ड्रायव्हर, कोणती गाडी, किती वाजता. चाळीस ड्रायव्हर, सव्वीस गाड्या आणि एक लाकडी पट्टी. ती ड्रायव्हरांना नंबराने ओळखायची आणि ते तिला तक्तेबाई म्हणायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, आपण प्रोग्रॅमर व्हायचं.

"आता?" आतोबा म्हणाले. "या वयात लोक गुडघ्यांचे व्यायाम शिकतात."

"ते तुम्ही शिका," आत्या म्हणाली.

तक्ता आता संगणकावर करायचं ठरलं होतं. वरच्या मजल्यावर, टायरांच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत त्यासाठी एक इंजिनीअर येऊन बसला होता. त्याला चार वर्षांचा अनुभव होता. मलाही तिथे घ्या, असा अर्ज आत्याने केला. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. जमलं तर प्रोग्रॅमरचं पद, नाही जमलं तर हरवलेल्या सामानाची खिडकी. त्या खिडकीत दिवसभर फक्त छत्र्यांची सोबत असते, असं डेपोत म्हणत.

तिचा पहिला प्रोग्रॅम अकराशे ओळींचा होता. एक नंबरचा ड्रायव्हर असेल तर हे, दोन नंबरचा असेल तर ते, असं करत थेट चाळीसपर्यंत. हाताने लिहायची तसंच. पण तो चालला. पडद्यावर तक्ता उमटला तेव्हा दारात पाहुणे आल्यासारखी ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

इंजिनीअरने मागून डोकावलं. "ताई, हा प्रोग्रॅम आहे की मतदारयादी?"

"चालतोय ना?"

"चालतोय. पण उद्या एक्केचाळिसावा ड्रायव्हर आला तर?"

"तर त्याला सांगू, जागा नाही."

तो पोट धरून हसला. मग चहा पिता पिता त्याने तिला आपलं शास्त्र सांगितलं. प्रोग्रॅमरच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरचा माणूस विचारतो, चाललं का? दुसऱ्या पायरीवरचा विचारतो, नीटनेटकं आहे का?

"आणि तिसरीवरचा?"

"ते पोचलो की सांगतो."

एकच गोष्ट चाळीसदा लिहायची नसते, एकदा लिहून चाळीसदा फिरवायची असते, हे त्या आठवड्यात तिला उमगलं. मग तिला आवरणं कठीण झालं. कपड्यांच्या घड्या घालताना, जिना चढताना, दात घासताना तिला सगळीकडे फेरेच दिसू लागले. घरकामाच्या पाळ्या ठरवणारा एक प्रोग्रॅम तिने लिहिला, तोही असा की कुठल्याही घराला, कितीही माणसांना लागू पडावा. पहिले तीन दिवस भांडी आतोबांकडे आली.

"माझंच नाव कसं निघतं?"

"ते कुणाच्या हातात नसतं. यंत्र वाटेल ते नाव उचलतं."

"यंत्राला बरा मीच वाटतो!"

डेपोतही तिने आणि इंजिनीअरने मिळून अकराशे ओळींच्या नव्वद केल्या. छाटताना तिचा हात सैल सुटला होता. एके ठिकाणी ती थबकली. जुन्या यादीत एक ओळ होती: एकतीस नंबरने सोडलेली गाडी आठ नंबरला देऊ नये.

"हे का?" इंजिनीअरने विचारलं.

"कुणास ठाऊक. माझ्या आधीच्या क्लार्कने सांगितलं होतं. मी पाळत आले."

"जुनं भांडण असेल. ठेवायचं का?"

महिनाभरापूर्वी तिने त्या ओळीला हात लावायची हिंमत केली नसती. आता तिने ती स्वतःच पुसली. नव्वदच्या एकोणनव्वद झाल्या, आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

मुदतीचा शेवटचा आठवडा होता. सोमवारी नवा तक्ता फळ्यावर लागला. सोमवारी दुपारची दोनची गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली. मंगळवारी चौदा. बुधवारी साहेब स्वतः जिना चढून वर आले. "शनिवारपर्यंत गाड्या वेळेवर सुटल्या नाहीत तर तक्ता पुन्हा हाताने. आणि बाई, तुमचं काय ते ठरलेलंच आहे."

ते गेल्यावर इंजिनीअरने तिन्ही दिवसांच्या पाळ्या पाहिल्या. दोनच्या त्या गाडीवर सकाळी एकतीस आणि दुपारी आठ. "ताई, ती ओळच परत घालू. दोन मिनिटांचं काम आहे."

आत्याने कीबोर्ड जवळ ओढला. बोटं ठेवली, आणि उचलली.

"आपण ती का काढली, ते आपल्याला माहीत नव्हतं. आता का घालतोय, तेही माहीत नाही," ती म्हणाली. "चल, खाली जाऊ."

"खाली? खाली काय आहे?"

"गाड्या आहेत रे."

खाली एकतीस नंबर नुकताच गाडीतून उतरत होता. सव्वासहा फूट उंच; त्याला सगळे शिडी म्हणत. त्याच्या जागी आठ नंबर चढला. तो बटण. बटण सीटवर बसला आणि त्याचे पाय हवेत लोंबकळले. त्याने सीटखालचा दांडा खेचला, मग दोन्ही हातांनी खेचला, मग हातोडी मागवली.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"बाई, हा शिडी सीट पार शेवटच्या खाचेत ढकलतो. तिथे गेलं की दांडा अडकतो. बाकीच्यांचे पाय कसेबसे पोचतात. मला काय, देवाने अर्ध्यावरच सोडलंय."

"मग मी गुडघे काय घरी ठेवून येऊ?" शिडी खालून ओरडला.

"हे मला कधी सांगितलं का नाहीत?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," बटण म्हणाला. "म्हणून तर तुम्ही आमच्या पाळ्या लांब लांब लावायचात."

अकरा वर्षं तक्त्याने तो दांडा सांभाळून घेतला होता, म्हणून कुणी तक्रार केली नव्हती, आणि म्हणून तो कुणी दुरुस्त केला नव्हता. आत्या डेपोतल्या दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं, स्प्रिंग बदलली, ग्रीस लावलं. तशाच आणखी तीन गाड्या निघाल्या. गुरुवारी दोनची गाडी दोनला सुटली. शुक्रवारीही. खात्री पटावी म्हणून बटणने गाडीतून हात बाहेर काढून घड्याळ दाखवलं.

शनिवारी साहेबांनी दोघांना बोलावलं. "छान. प्रोग्रॅममध्ये काय बदल केलात?"

"काही नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"एका अक्षराचाही नाही, साहेब. सीट दुरुस्त करून घेतली."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला प्रोग्रॅमर म्हणायचं की मिस्त्री?"

आत्याचा चेहरा उतरला, असं इंजिनीअरने नंतर आम्हाला सांगितलं. तेव्हा तोच पुढे झाला. "साहेब, मी ती ओळ परत घालणार होतो. दांडा तसाच राहिला असता, आणि पुढच्या कुणीतरी ती ओळ पुन्हा काढली असती. मला चार वर्षं झाली, पण मी खुर्चीतून उठलो नव्हतो. यांना सहाच महिने झालेत."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग नेमणुकीचा कागद पुढे ओढून सही केली.

त्याच दुपारी आत्या वही घेऊन पुन्हा खाली गेली, इंजिनीअर मागोमाग. "ताई, तिसऱ्या पायरीवरचा विचारतो, हे का आहे?" जिन्यात तो म्हणाला. जुन्या यादीत असे आणखी सहा नियम होते. एक नियम ज्या ड्रायव्हरसाठी होता तो कधीच निवृत्त झाला होता, तो काढला. दुसरा नियम, एक ड्रायव्हर गुरुवारी मुलीला पोहायला नेतो म्हणून होता. तो ठेवला, आणि कारण शेजारी लिहिलं. सहाव्याचं कारण मात्र सापडेना. चौदा नंबरची गाडी मंगळवारी पुलाच्या मार्गावर का नको, हे शिडीला माहीत नव्हतं, बटणला नव्हतं, मिस्त्रीलाही नव्हतं.

वर येऊन तिने तो नियम जसाच्या तसा ठेवला. शेजारी लिहिलं: "कारण अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे. काढण्याआधी खाली जाऊन विचारा." त्याखाली नाव लिहिलं, आणि नावापुढे, पहिल्यांदाच, प्रोग्रॅमर.