लग्नाची ठेव आणि समुद्रावरचा पतंग

आमच्या घरी एक मुदत ठेव होती. बाबा तिला 'लग्नाची' म्हणत. लग्न माझं. मी चाळिशीला आले, झाशीत इलाइट चौराह्याजवळच्या विमा कचेरीत बसून केस पिकायला लागले, तरी मुदत संपली की बाबा बँकेत जाऊन ती पुन्हा ठेवून येत. आल्यावर चप्पल काढता काढता सांगत, "लग्नाची ठेवून आलो." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ऐकणारी मी एकटीच. दर वेळी माझं डोकं फिरायचं.

मग आईचा राहिलेला नवस फेडायला आम्ही रामेश्वरला गेलो. दर्शन आटोपून किनाऱ्यावर आलो, तर काही माणसं पायाला फळी लावून, कमरेला भलामोठा पतंग अडकवून पाण्यावरून सुसाट निघाली होती. त्याला काइट सर्फिंग म्हणतात, हे तिथेच कळलं. मी सीपरी बाज़ारच्या आमच्या छतावर बाबांच्या हाताखाली पतंग शिकलेली. गल्लीतली मुलं माझ्याशी पेच लावायला कचरत. मला ते करायचंच होतं. फी विचारली आणि मनातल्या मनात हिशोब केला. तीन दिवसांची शिकवणी, सामानाचं भाडं, राहणं, शिवाय झाशीहून जाणं-येणं. माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं.

"लग्नाची मोडा," घरी आल्यावर मी म्हटलं.

"पैसे पाण्यात घालायचे? तेही खऱ्याखुऱ्या?" बाबा म्हणाले. "आणि लग्न ठरलं तर?"

"तर कोर्टात करू."

ते बरेच दिवस रुसले. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले. "अर्धे तुला काढलेत," आल्यावर म्हणाले. "अर्धे लग्नाला राहू देत."

रामेश्वरला पहिले दोन दिवस मी समुद्रात नुसती आपटले. शिकवणारी मुलगी मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडायची, "दीदी, छोड़ो!" पतंग बिथरला की हातातला दांडा सोडायचा, म्हणजे त्याचा जोर जातो. पतंग कमरेला बांधलेला असतो, त्यामुळे पळून जात नाही. डोक्याला हे पटत होतं, पण माझे हात सीपरीच्या छतावरचे. पतंग गोता खायला लागला की खेचायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मी खेचायची आणि पतंग मला आणखी जोरात तोंडावर आपटायचा. फळीवर एकदाही उभी राहिले नव्हते, आणि उरला होता एकच दिवस. पुन्हा यायला पैसे कुठले? संध्याकाळी बाबांना फोन केला आणि मला रडूच फुटलं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "खींचो मत, बेटा."

"तुम्हीच तर शिकवलंत."

"मी छतावरचं शिकवलं. तिथलं मला काय कळतंय? ती मुलगी सांगते तसं कर."

पतंगाच्या बाबतीत बाबांनी कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पतंग कलंडला आणि मी हात उघडले. तो हलकेच सावरला. जेवायच्या आधी मी फळीवर उभी राहिले. चहा उतू जायला लागतो तेवढाच वेळ असेल, पण राहिले. मग धपकन पडले आणि पाण्यातच हसत सुटले.

झाशीला बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. ऑटोत त्यांनी वारा कुठून येतो, दोऱ्या कशाच्या असतात, सगळं विचारून घेतलं. घरी चहा झाल्यावर म्हणाले, "तिकडे पुन्हा चांगला वारा कधी?"

"का?"

"अर्धे पैसे आहेत ना बँकेत. शिकणं अर्धवट का ठेवायचं?"

ते पैसे कशासाठी ठेवलेत, हे ते बोलले नाहीत. ज्या शब्दाने इतकी वर्षं माझं डोकं फिरत होतं, तो त्यांनी मुद्दाम गिळला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं, त्यांची एवढ्या वर्षांची आशाच मी मोडली.

"उन्हाळ्यात," मी म्हटलं, आणि रिकामे कप उचलून आत गेले.