चहात बुडालेलं राज्य

मास्तरांचं शिवणाचं दुकान रविवारी बंद असायचं, पण कापड बेतायचं टेबल त्या दिवशी जास्तच राबायचं. तपकिरी कागदावर मास्तरांनी एक अख्खी दुनिया काढली होती, नद्या, डोंगर, सात राज्यं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि पुढे काय घडलं ते मास्तरांनी सांगायचं, असा हा खेळ. नियम एकच, नकाशावर जे पडलं ते पडलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यावर चहा पडला. मेहुण्याच्या कोपराने, आणि नेमका मेहुण्याच्याच राज्यावर! नळदुरुस्तीत पटाईत असलेला हा माणूस कपबशीजवळ आला की धांदरट. पण मास्तर कसले ऐकतात! "नदी एका रात्रीत आटली. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आता इथे वाळवंट," त्यांनी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी मेहुण्याचं रडगाणं ठरलेलं, "भावोजी, माझी नदी!" पुढे मास्तरांची लेक सहा वर्षांची झाली, हट्ट करून खेळात आली आणि त्याच वाळवंटातल्या टोळीत जन्मलेली वाटाडी झाली.

आता मेहुणा नोकरीसाठी दूर निघाला होता. हा त्याचा शेवटचा रविवार. मास्तरांना फार वाईट वाटत होतं. त्यांनी आठवडाभर खपून निळ्या नदीसकट नवा नकाशा काढला आणि टेबलाखाली लपवून ठेवला.

"आज मागच्या काळात जायचं," ते म्हणाले. "नदी आटली त्या दिवशी."

मेहुणा खुर्चीतून उडालाच. "काय सांगता, भावोजी!"

वाटाडीने त्याला वाळू तुडवत काळाच्या दारापर्यंत नेलं. पलीकडे बघतो तर नदी, दुथडी भरलेली! बंधाऱ्यावर लोखंडी चाकाची झडप, उघडी. ती बंद झाली की नदी आटणार; संध्याकाळपर्यंत ती कुणाला बंद करू द्यायची नाही, की झालं काम. मास्तरांनी चार चोर पाठवले, तेही मुद्दाम मरतुकडे. मेहुण्याने बाह्या सरसावून एकेकाला पाण्यात लोटलं. लेक टाळ्या पिटत होती. मास्तरांचा हात टेबलाखाली गेला.

तेवढ्यात टाळ्या थांबल्या.

"मामा, नदी आटलीच नाही, तर वाळवंट कुठलं? माझी टोळी कुठली? मी तरी कुठली?"

मास्तर चपापले. एवढा नकाशा रंगवला, पण हे डोक्यातच आलं नव्हतं!

"जाऊ दे," लेकच घाईघाईने म्हणाली. "मी दुसरं पात्र घेते. तुझी नदी तुला मिळू दे." पण तिचे डोळे भरून आले होते.

मेहुण्याने वीस बाजूंचा फासा उचलला. "भावोजी, झडप बंद करायला किती पडायला हवेत?"

"बंद? अरे वेड्या, अकरा वर्षं माझं डोकं खाल्लंस!"

"किती ते सांगा."

"निदान पंधरा. गंजलेली आहे."

"राज्य काय, दुसरं मिळेल. ही वाटाडी कुठून आणू?"

फासा टेबलभर गडगडला आणि थांबला. अठरा! मेहुणा दातओठ खात, दोन्ही हातांनी हवेतलं चाक गरागरा फिरवू लागला.

लेक खुर्चीवर चढून ओरडली, "म्हणजे आमचं वाळवंट तू केलंस? आमच्यासाठी?"

"मीच की गं! आणि शिव्या खाल्ल्या तुझ्या बाबांनी!"

तिघं एवढ्या जोरात हसले की वरच्या मजल्यावरून मास्तरांच्या बायकोने काय झालं म्हणून विचारलं. मास्तरांनी नवा नकाशा पायानेच टेबलाखाली आणखी आत सरकवला. मेहुणा जायचा तो जाणारच होता. मास्तरांनी पेन घेतलं आणि जुन्या नकाशातल्या वाळवंटावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मामाचा मुलूख'.